मथुरेच्या गाठोड्याची कहाणी

ऐका सयांनो, मथुरेच्या गाठोड्याची कहाणी. एक आटपाट नगर, नगरात एक कोष्टी, कोष्ट्याची बायको मथुरा. मोठी संशयी. दूध नासलं तर म्हणे दृष्ट लावली, कोंबडी हरवली तर म्हणे शेजारणीनं शिजवली.

तिनं महिन्याच्या चार दिवसांसाठी जुन्या लुगड्याचे तुकडे गाठोड्यात बांधून माळ्यावर ठेवले होते. एकदा बघते तर तुकडे कमी. मग तिनं परटिणीला पुसलं. परटीण म्हणाली, "बाई, तुमच्या चिंध्या मला कशाला?" दुसऱ्या महिन्यात आणखी गेले. मग शेजारणीला पुसलं. शेजारणीनं बोलणं टाकलं. तिसऱ्या महिन्यात आणखी गेले. मग धाकट्या जावेला, येसूला, भर अंगणात चोर म्हटलं. येसू म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या घरात आणखी कुणाला लागतात ते बघा." मथुरेला टोमणा वाटला. एका चुलीच्या दोन चुली झाल्या.

मग मथुरेनं दाराआड पाळत ठेवली. पहिल्या प्रहरी कुणी नाही, दुसऱ्या प्रहरी कुणी नाही, तिसऱ्या प्रहरी तिचीच लेक मंजुळा शिडी चढली. मथुरेनं मनगट धरलं. "कुणाला नेऊन देतेस गं?"

मंजुळा म्हणाली, "आई, माझ्या पोटात काहीतरी फुटलंय. दर महिन्याला रक्त जातं. मी आता जगत नाही. तू रडशील म्हणून बोलले नाही."

मथुरा म्हणाली, "अगं, तुला न्हाण आलंय. सगळ्या बायकांना येतं. मलाही येतं."

लेकीनं आईकडे संशयानं बघितलं. "म्हणजे तुला ठाऊक होतं? मी तीन महिने मरणाची वाट बघतेय."

मथुरेच्या आईनंही तिला सांगितलं नव्हतं. न्हाण आलं तेव्हा तीही विहिरीमागं अशीच मरणाची वाट बघत बसली होती. ते आठवून तिला फार वाईट वाटलं.

मग ती येसूच्या दारी गेली. "चुकले गं. मला वसा सांग." येसू म्हणाली, "लेकीला दहावं लागलं की श्रावणातल्या शुक्रवारी जवळ बसवावं, मऊ लुगडं हाती द्यावं, सगळं सांगावं. कावळा शिवला म्हणू नये, लपवू नये. माझ्या सोनीला दहावं लागलंय. तुम्हीच सांगा."

शुक्रवार आला. मथुरा सोनीपुढं बसली. एकदा तोंड उघडलं, दोनदा उघडलं, तिसऱ्यांदा उघडलं, शब्द फुटेना. मग मंजुळा पुढं सरकली, तिनं सगळं सांगितलं. मथुरा खाली मान घालून ऐकत राहिली.

जशी सोनी निर्भय झाली, तशा तुमच्या आमच्या लेकी होवोत. ही साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सुफळ झाली.