डोमाजीनं निवडलेली जागा

जंगलाजवळच्या खैरीला मी रात्रीच्या मुक्कामाला गेले होते, आणि सकाळी परतताना तिथल्या एस.टी. थांब्यावर अर्धीच बातमी ऐकली.

माझ्यापुढं दोन बाया उभ्या होत्या. मी कुणाचं चोरून ऐकत नाही, पण बाया हळू बोलायला लागल्या की मला जास्त ऐकू येतं. एक म्हणाली, "अगं, त्या घरगाडीच्या जागेवर आज पहाटे वाघ येऊन बसला. चांगला अर्धा तास. आणि तो टकलू पाहुणा, त्याला म्हणे—"

तेवढ्यात त्यांची एस.टी. आली. धक्काबुक्की झाली. दोघी चढल्या आणि पाहुण्याचं काय झालं ते सोबत घेऊन गेल्या.

आमच्या तालुक्यात घरगाडी एकच, आणि ती चालवतो माझा शेजारी.

तर आमच्या पिंपळझरीत एक भोळा माणूस राहतो. होता असं म्हणत नाही, कारण अजून आहे, आणि माझ्या भिंतीला भिंत लावून आहे. नाव डोमाजी. डोमाजीला एखादी गोष्ट सांगितली की तो म्हणतो, "समजलं बा." त्याला समजलं की आम्ही शेजारी आपापली दारं लावून घेतो.

रेशन दुकानात त्याला सांगितलं, रांगेतल्या पहिल्या माणसाला आधी माल द्या. दिला. दुसऱ्याला दिला नाही. तो पहिला नव्हता. संध्याकाळी दुकानदारानं डोमाजीला घरी पाठवलं. अशी तीन कामं गेली. त्याची बायको वच्छला माझ्याकडं येऊन रडायची. "वहिनी, हा माणूस वाईट नाही हो." मी म्हणायची, "वाईट असता तर निदान कुणी घाबरून कामावर ठेवला असता."

शेवटी वच्छलानं धाकट्या भावाला गळ घातली. भाऊ प्रल्हाद, तालुक्याला त्याचं गॅरेज. त्यानं शाळेची जुनी बस घेतली होती. बाकडी काढून आत दोन पलंग, शेगडी, बेसिन आणि कपाटाएवढा संडास बसवला होता. मागं लिहिलं होतं 'चालतंफिरतं घर', खाली फोन नंबर. जंगल बघायला येणाऱ्यांना ही गाडी द्यायची. लोकांनी उद्यानाच्या गेटाजवळ कुठं तरी तळ ठोकायचा, गाडीतच झोपायचं आणि रोज सकाळी जीपनं जंगलात जायचं. हॉटेल नको, धावपळ नको.

प्रल्हाद म्हणाला, "ताई, मी जवाईबापूंना ही एक फेरी देतो. चार दिवसांची. पाहुणे जंगल बघून खूश होऊन आले, तर गाडी कायमची त्यांच्या हातात. नाही तर पुन्हा माझ्याकडं रदबदली करायची नाही."

वच्छलानं देवापुढं नारळ ठेवला. मीही एक ठेवला. डोमाजी गाडी चालवतो छान, ते मान्य करायलाच पाहिजे. तो ती नेतो कुठं, एवढीच भीती होती.

पाहुणे होते टेंभेकर नवराबायको. साहेब टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. सात वेळा जंगलात जाऊन आलेले आणि सातही वेळा हरणं बघून परतलेले. त्यांच्या मेव्हण्यानं अकरा वाघ बघितले होते, आणि तो प्रत्येक लग्नात ते अकराच्या अकरा सांगायचा. टेंभेकरांनी गळ्यात दुर्बीण अडकवली आणि म्हणाले, "या वेळी एक तरी." सकाळच्या चार फेऱ्यांची जीप ठरलेली होती.

निघताना प्रल्हाद म्हणाला, "जवाईबापू, जागा नीट निवडा. गेटाच्या जेवढी जवळ तेवढी बरी."

"समजलं बा."

संध्याकाळी डोमाजी उद्यानाच्या गेटाशी पोचला. त्यानं गाडी गेटाला लावली. गेटाच्या बाजूला नाही, गेटालाच. पुढचा बंपर आणि गेटाचा खांब यांच्यात माचीसची काडी जाईना. यापेक्षा जवळ जागा कुठली? संध्याकाळी गेट बंद होतं, त्यामुळं कुणी हटकलं नाही.

सकाळी सहाला गेट उघडायची वेळ झाली. मागं एकवीस जीपा. वनरक्षक ओरडतोय, जीपवाले ओरडतायत, आणि डोमाजी सगळ्यांना सांगतोय, "आम्ही आधी आलो." गाडी बाजूला काढून, वनरक्षकाच्या खोलीत नावं लिहून, चूक कबूल करून बाहेर येईपर्यंत आठ वाजले. पहिली फेरी गेली.

प्रल्हाद फोनवर कडाडला. मोठ्या बहिणीचा नवरा, अहोजाहो सोडता येत नाही, म्हणून आदरानंच कडाडला. "जवाईबापू, असं कुणी दारात गाडी घालतं का? उभी करायच्या आधी पंचवीस पावलं मागं घ्यावी माणसानं! आणि पाणी असेल तिथं लावा. पाण्याशिवाय मुक्काम होतो का?"

"समजलं बा."

डोमाजीनं पाणी शोधलं. गेटापासून दोन मैलांवर ओढा होता. काठावर मोकळी, सावलीची, कडक जमीन. खरं सांगते, जागा उत्तम होती. त्यानं गाडीचं तोंड रस्त्याकडं करून ती काठावर सुरेख लावली. टेंभेकरबाई म्हणाल्या, "वा, डोमाजी!" चहासुद्धा चढवला.

मग डोमाजीला आठवलं. पंचवीस पावलं मागं.

सोळाव्या पावलाला ओढा सुरू होत होता. डोमाजी शिस्तीचा माणूस. त्यानं पंचवीस पुरी केली.

मागची चाकं गाळात रुतली. संडासातून पाणी वर आलं. टेंभेकर पलंगावर उभं राहून म्हणाले, "डोमाजी, हे काय?" डोमाजी म्हणाला, "पाणी, साहेब. तेही आत."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर मिळायला दुपार झाली. दुसरी फेरी गेली.

प्रल्हाद म्हणाला, "जवाईबापू, ओल दिसली की पळत सुटायचं, कळलं? कोरडी, सपाट, झाडलेली जागा बघा!"

"समजलं बा."

आता ऐका. गेटापासून हाकेच्या अंतरावर बचत गटाच्या बायकांनी बाहेरगावाहून येणाऱ्या अशा गाड्यांसाठी खास तळ केला होता. आखलेल्या सहा जागा, प्रत्येकीला नंबर, नळ, दिवा, न्हाणीघर, वर गरम भाकरी. डोमाजी चुकून तिथंच पोचला. चार नंबरची जागा रिकामी होती. पाहुणे आले म्हणून बायकांनी लगबगीनं झाडलं, सडा घातला आणि एकजण रांगोळी काढायला बसली.

सडा म्हणजे ओल. डोमाजी पळत सुटला.

"अहो भाऊ, थांबा! कुठं चालले?" बायका रांगोळीचं भांडं हातात धरून गाडीमागं धावल्या. टेंभेकरबाई खिडकीतून हात करत होत्या. बायकांना वाटलं निरोप देतायत. त्यांनीही हात केले. एकीनं तेवढ्यात गाडीच्या पाठीवरचा नंबर टिपून घेतला आणि चार नंबरची जागा राखून ठेवली. येतील बिचारे परत, म्हणाली.

डोमाजीला कोरडी, सपाट, झाडलेली जागा सापडली. शेणानं सारवलेली, आरशासारखी. शेतकऱ्याचं खळं होतं ते, आणि त्यावर तूर वाळत घातली होती. डोमाजीला वाटलं, गालिचा. गाडीनं दोन वेटोळी घेतली आणि ती मधोमध थांबली.

खळ्याचा मालक तुराटी घेऊन आला. तो हातापायीवर आला नाही, सज्जन माणूस. म्हणाला, "माती कालवली ना माझ्या तुरीत? आता दाणा न् दाणा पाखडून द्या, मग जा." तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला, जीप गेटावर वाट बघत असताना, टेलिफोन खात्यातले निवृत्त साहेब गळ्यात दुर्बीण घालून सुपानं तूर पाखडत होते. तिसरी फेरी गेली.

प्रल्हादचा आवाज बसला होता. "जवाईबापू, पाया पडतो. जिथं कुणाचं काही वाळत नाही, कुणी भांडायला येत नाही, अशी जागा बघा. आधी विचारा, ही जागा कोणाची. मग लावा."

"समजलं बा."

दुपारी डोमाजीला नदीकाठी जागा दिसली. वर पत्र्याची शेड, खाली सिमेंटचा कोबा, बाजूला हातपंप, बसायला बाकं. चिटपाखरू नाही. एक म्हातारा बाकावर बसला होता. डोमाजीनं शिकवल्याप्रमाणं विचारलं, "बाबा, ही जागा कोणाची?"

म्हातारा म्हणाला, "सगळ्यांचीच. आज ना उद्या सगळ्यांनाच यायचंय इथं."

डोमाजीचे डोळे भरून आले. त्यानं टेंभेकरांना सांगितलं, "बघा साहेब, काय दिलदार गाव!" टेंभेकरबाईंनी शेडच्या खांबाला दोरी बांधून ओढ्यात भिजलेले कपडे वाळत टाकले. साहेब पंपावर दाढी करायला बसले. तोंडाला फेस फासला आणि समोरून मयत आलं.

दीडशे माणसं. पुढं मडकं धरलेला मुलगा. दाढीचा फेस तसाच ठेवून टेंभेकर उभे राहिले. कुणी तरी हळूच विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?" टेंभेकर म्हणाले, "आम्ही मुक्कामाला आहोत." विचारणारा चार पावलं मागं सरकला. डोमाजीनं मात्र पुढं होऊन खांदा दिला. मनानं चांगला आहे हो तो. त्याचीच तर अडचण आहे. मग बाईंनी दोरीवरून परकर काढले आणि तिघांनी पंपावर आंघोळी केल्या.

आता उरली शेवटची फेरी. चौथ्या दिवसाची सकाळ. वच्छलाचा नारळ अजून देवापुढंच होता.

प्रल्हादनं फोनवर शांतपणे, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. शाळेत बाराखडी शिकवतात तसं. "जवाईबापू. जिवंत माणसं राहतात तिथं लावा. नळ असेल. दिवा असेल. बायामाणसं असतील, हाक मारली तर ओ देतील. तिथं गाडी लावा आणि मग आभाळ कोसळलं तरी हलू नका. सकाळी सहाला जीपवाला तुम्हाला शोधत येईल. समजलं?"

डोमाजी बराच वेळ विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. "समजलं बा."

टेंभेकर नवराबायको इतके दमले होते की संध्याकाळी सातलाच झोपले. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांना वाटलं, जागा बदलतोय. बदलतच होता.

हे सगळं मला कसं ठाऊक? खैरीहून एस.टी.नं मी दहा वाजता गावात उतरले. जीव मुठीत धरून घराकडं धावले, म्हटलं वच्छलाला धीर द्यायला हवा. आणि बघते तर घरगाडी माझ्या अंगणात! तुळशीला टेकून.

उद्यानापासून आमचं गाव पंचेचाळीस किलोमीटर.

"डोमाजी! अरे, इथं कुठं?"

"वहिनी, नळ आहे, दिवा आहे," डोमाजी बोटं मोजत म्हणाला. "आणि हाक मारली तर ओ देणारं माणूस म्हणाल, तर तुम्ही हाक मारायच्या आधीच देता. तुमच्यासारखी जागा सबंध जंगलात नाही."

टेंभेकर अंगणात खुर्चीवर बसले होते. जिवंत. मी त्यांना वरपासून खालपर्यंत मोजून घेतलं, सगळे होते. पहाटे सहाला ते तयार होऊन गाडीच्या खिडकीशी बसले होते. बाहेर दाट धुकं. धुक्यात वीस पावलांवर पिवळे-काळे पट्टे दिसले. त्यांनी बायकोचं तोंड दाबलं, श्वास रोखला आणि अर्धा तास फोटो काढले. साठ फोटो. ऊन वर आलं तेव्हा दिसलं, दोरीवर माझी सतरंजी होती.

मी चहा टाकला. दुसरं काय करणार? टेंभेकरबाईंनी दोन कप घेतले आणि पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. वच्छला तिच्या ओट्यावर खराटा धरून उभी होती. ना झाडत होती, ना ठेवत होती.

तेवढ्यात प्रल्हादचा फोन आला. डोमाजीच्या फोनचा आवाज लहान करता येत नाही, त्यामुळं मला वाकावं लागलं नाही.

"जवाईबापू! तळावरच्या बायकांचा फोन आला होता. तुमच्यासाठी राखून ठेवलेली चार नंबरची जागा, तिथं पहाटे वाघीण येऊन बसली! अर्धा तास! सगळ्यांनी बघितली. आणि जीपवाल्याला तुम्ही गावत नाही!"

टेंभेकरांनी गळ्यातली दुर्बीण काढून खुर्चीखाली ठेवली.

म्हणजे एस.टी. थांब्यावरची बातमी तेवढी खरी. वाघ आला होता, घरगाडीच्याच जागेवर बसला होता, अर्धा तास बसला होता. फक्त पाहुणा त्याच्या वाट्याला आला नाही. पाहुण्याला आधीच डोमाजीनं नेलं होतं.

डोमाजीच्या कपाळाला मात्र आठी पडली. "आपल्यासाठी राखलेल्या जागेवर बसली? आधी विचारायला नको का, ही जागा कोणाची?"

"तुम्ही आहात कुठं?"

"मी हललो नाही."

"कुठनं हलला नाहीत?"

"वहिनींच्या अंगणातनं."

मग प्रल्हादचा आवाज आला, अगदी बारीक. "जवाईबापू, किल्ली वहिनींकडं द्या. तुमचं काम संपलं. आत्ताच्या आत्ता घरी चालते व्हा."

"समजलं बा."

डोमाजीनं किल्ली माझ्या हातात ठेवली. टेंभेकरांना वाकून नमस्कार केला. आठ पावलं चालला आणि आपल्या ओट्यावर जाऊन बसला. मग वच्छलाकडं बघून समाधानानं म्हणाला,

"तुझा भाऊ शेवटी सुधारला बघ. चार दिवसांत पहिल्यांदा नीट पत्ता सांगितला."