वैद्याची जीभ

चीन देशातील एका डोंगरी गावात फेंग नावाचा एक वृद्ध वैद्य राहत असे. दुबळ्या हृदयावरील त्याच्या काढ्याची कीर्ती दूरवर पसरली होती. त्या काढ्यात बचनागाचे मूळ असे. ते मूळ कच्चे राहिले तर हृदय बंद पाडते. दीर्घकाळ उकळले, तर त्यातील विष निघून जाते आणि तेच मूळ हृदयाला बळ देते. विष गेले की नाही, हे ओळखण्याची फेंगच्या घराण्याची एक रीत होती. वैद्याने काढ्याचा एक थेंब स्वतःच्या जिभेवर ठेवायचा. जिभेला मुंग्या आल्या, तर भांडे पुन्हा चुलीवर चढवायचे.

आयुष्यभर असे थेंब घेऊन फेंगची जीभ हळूहळू बधिर झाली होती. हे त्याला कळत होते. परंतु त्याने ते कोणालाही सांगितले नाही. जेवताना तो सुनेवरच खेकसे, "मीठ घालायला विसरलीस?" सून सूयिन मुकाट्याने मीठ वाढी. तिला शंका आली होती.

एके दिवशी गाओ नावाचा कुंभार धापा टाकीत आला. "वैद्यराज, हे काळीज कच्च्या मडक्यासारखे झाले आहे. जरा भाजून पक्के करून द्या!"

"बैस. आज संध्याकाळी चाक फिरवशील," फेंग म्हणाला.

त्या दिवशी सरपण ओले होते. जाळ वारंवार विझत होता. दुपारी फेंगने थेंब जिभेवर ठेवला. मुंग्या आल्या नाहीत. "झाला," तो म्हणाला.

सूयिन पुढे आली. "मामंजी, आज आच नीट लागलेली नाही. एक थेंब मी घेऊन पाहू का?"

ओसरीवर चार माणसे बसली होती. त्यांच्यादेखत हे ऐकून फेंग लाल झाला. "भात चाखणाऱ्या जिभेने आता माझे औषध तपासायचे?"

माणसे हसली. गाओही हसला. सूयिन मागे सरली.

गाओने वाटी तोंडाला लावली आणि रिकामी केली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "वैद्यराज, ओठांना मुंग्या येत आहेत."

फेंगने त्या रिकाम्या वाटीकडे पाहिले. खरे बोलायला तो एवढाच क्षण होता. चार माणसे त्याच्याकडे पाहत होती.

"औषध लागू पडते आहे," तो म्हणाला.

गाओने छातीवर हात नेला. तो हात तेथेच राहिला. तो बसल्या जागी कलंडला आणि पुन्हा उठला नाही.

सूयिनने भांड्यातला उरलेला थेंब बोटाने जिभेला लावला आणि तत्काळ थुंकला. तिच्या जिभेला मुंग्या आल्या होत्या. आत जाऊन तिने मिठाची बरणी आणली आणि सासऱ्यापुढे ठेवली.

फेंगने चिमूटभर मीठ तोंडात टाकले. मग मूठभर टाकले. गाओच्या उघड्या डोळ्यांकडे पाहत तो ते चघळत राहिला.

"हे मीठच आहे ना, सूनबाई?" त्याने विचारले.

तात्पर्य: ईश्वर देतो ती शक्ती एक दिवस परत घेतो, यात लाज नाही. ती गेल्यावरही आहे असे भासवणे हे मात्र पाप होय. कारण त्याचे फळ आपल्या आधी विश्वास ठेवणाऱ्याला भोगावे लागते.