सोमगिरीची तिसरी रेघ

“आणि ही तिसरी कुठं गेली?”

कपिलगिरी महाराजांचा अंगठा सोमगिरीच्या कपाळावर थांबला होता. अंगठ्याला भस्म, कपाळालाही भस्म. महाराजांच्या दुसऱ्या हातात कोरडं फडकं.

सोमगिरी गादीसमोर खाली मांडी घालून बसलेला. डोळे मिटलेले.

“असेल, महाराज. नीट बघा.”

“मला मोतीबिंदू झालाय. आंधळा नाही झालो.”

महाराजांनी पुन्हा भस्म फासलं, पुन्हा पुसलं. दोन पांढऱ्या रेघा राहिल्या. तिसरीच्या जागी नुसतं कपाळ. गुळगुळीत. लग्नाला निघालेल्या मुलाचं असतं तसं.

धारूरच्या पलीकडं डोंगरात हा मठ आहे. इथं कपाळावर भस्माचे पट्टे बोटांनी ओढत नाहीत. ज्याला गादीवर बसायचंय त्याच्या अख्ख्या कपाळाला राख फासतात, कोरड्या फडक्यानं पुसून काढतात. आठ्यांमध्ये जी अडकून राहील तोच त्याचा टिळा. रेघा तीन हव्यात. कमी भरल्या तर माणूस अजून कच्चा, आणि पुढची परीक्षा बारा वर्षांनी.

हे कुणी ठरवलं, कुणाला माहीत नाही. ज्यानं ठरवलं त्याच्या कपाळावर तीन होत्या, एवढं नक्की. म्हाताऱ्यांचे नियम असेच असतात. स्वतःच्या मापानं शिवलेले.

सोमगिरी चोपन्न वर्षांचा. एकतीस वर्षं मठात. आठ दिवसांवर गादीचा सोहळा आलेला. बसस्टँडसमोर त्याचा वीस फुटी फ्लेक्स लागलासुद्धा होता. आता नापास झाला तर पुढच्या खेपेला सहासष्ट.

भिंतीला टेकून मन्मथअप्पा बसले होते. मठाचे मुख्य विश्वस्त, वय शहात्तर, निवृत्त हेडमास्तर. एक्क्याऐंशीचे महाराज थकलेत, हे त्यांनीच बैठकीत ठरवलं होतं. स्वतः थकलोय हे काही त्या बैठकीत निघालं नाही. महाराजांना नुसतं कळवलं. महाराज “बरं” म्हणाले. पण ते पिठलं करू का विचारलं तरी “बरं”च म्हणतात.

“महाराज, दोन का तीन?” अप्पांनी विचारलं.

“दोन.”

“असं कसं? दिवाळीत मी स्वतः मोजल्या होत्या. तीन होत्या!”

“सोम्या, अप्पा म्हणतात दिवाळीत होती.”

सोमगिरीनं मान खाली घातली.

“कुणी नेली? अरे, कपाळावरची वस्तू आहे. चोरी झाली म्हणावं तर दार कुठलं फोडलं?”

सोमगिरीनं झोळीत हात घातला. करंगळीएवढी काचेची बाटली काढली आणि महाराजांच्या पायाशी ठेवली.

महाराजांनी बाटली उजेडात धरली. “हे काय? डोळ्यात घालायचं?”

“तोंडाला लावायचं. सीरम आहे. पेप्टाइडचं.”

“पेप…?”

“पेप्टाइड, महाराज.”

“सुरकुत्या जायचं औषध!” अप्पा ताडकन उठले. गुडघा दुखला म्हणून परत बसले. “संन्याशी माणूस! माझी नात लावते हे! अरे, लाज आहे का काही?”

“नातीच्या गेल्या का?” महाराजांनी विचारलं.

“ती बावीस वर्षांची आहे, महाराज. तिला कशाला असतील?”

“मग ती कशाला लावते?”

अप्पांना हे कधी सुचलंच नव्हतं. शाळेत छत्तीस वर्षं प्रश्न विचारायचं काम त्यांचंच होतं.

महाराज सोमगिरीकडं वळले. “तू कशाला लावलंस?”

“फ्लेक्स, महाराज.”

“त्याचं काय?”

“फ्लेक्सवाल्यानं माझा फोटो कॉम्प्युटरवर गुळगुळीत केला. चार तालुक्यांत लागला. लोक येणार, फ्लेक्स बघणार, मग मला बघणार…” सोमगिरीचा आवाज बारीक झाला. “मी म्हटलं, निदान जवळपास तरी दिसावं.”

महाराज हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बाटली कानाशी नेऊन हलवली.

“करतं काय हे?”

“जाऊ द्या ना, महाराज.”

“एकतीस वर्षं मी तुला शिकवतोय. एक दिवस तू मला शिकव. बोल.”

आता सोमगिरीची एक खोड आहे. शिकवायला मिळालं की तो लाज विसरतो. ही खोड त्याला मठातच लागली.

“कातडीच्या आत कोलाजेन असतं, महाराज. बाजेला सुंभ असतं ना, तसं. त्यानं कातडी ताणलेली राहते. उन्हानं, वयानं ते सुंभ तुटतं. मग बाजेला झोळ पडतो. ती सुरकुती.”

“बरं.”

“सुंभ तुटलं की त्याचे बारके तुकडे पडतात. ते तुकडे दिसले की आतल्या पेशीला कळतं, मोडतोड झालीय, नवं विणायला घ्या. पण वय झालं की पेशी सुस्तावते. तुटलंय तरी बसून राहते.”

महाराजांनी अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी छताकडं.

“पेप्टाइड म्हणजे तसलाच बारका तुकडा. बाहेरून लावायचा. पेशीला वाटतं, अरे, बरंच तुटलेलं दिसतंय. ती कामाला लागते.”

“म्हणजे तिला फसवायचं.”

“फसवायचं कसं? तुटलेलं असतंच की. तिला नुसतं सांगायचं.”

महाराजांनी बाटली पुन्हा उजेडात धरली.

“… बरं. पण वरून लावलेलं आत जातं का?”

“बारकं असतं म्हणून थोडं जातं. अख्खं कोलाजेन चोळलं तर मोठं पडतं, ते वरच बसतं.”

“मोठं ते वरच बसतं,” महाराज म्हणाले. “हे अप्पांच्या बैठकीत लिहून ठेवा.”

“महाराज!” अप्पा म्हणाले.

“आणि दुसऱ्या जातीचं पेप्टाइड असतं,” सोमगिरी आता थांबेना. “ते कपाळाच्या स्नायूला सांगतं, सारख्या आठ्या घालू नकोस. स्नायू सैल पडतो.”

“हे मी तुला एकतीस वर्षं सांगतोय. बाटलीत भरून द्यायला हवं होतं. लावलंस किती दिवस?”

“तीन महिने. सकाळी आणि झोपताना. त्याच्या आत फरक दिसत नाही. शिवाय उन्हात टोपी घालावी लागते, नाहीतर केलेलं वाया जातं.”

“एक दिवस चुकला नाही?”

“एकही नाही, महाराज.” सोमगिरीच्या आवाजात अभिमान होता.

“आणि जप?”

सोमगिरीनं बाटलीकडं पाहिलं.

“मध्ये मध्ये चुकला, महाराज.”

अप्पांनी मोठ्यानं श्वास सोडला. शाळा तपासणीला साहेब यायचे तेव्हा सोडायचे तसा. “मी म्हणतो, चर्चा कशाला? नियम तो नियम. तीन नाहीत, विषय संपला. बारा वर्षांनी बघू.”

बारा वर्षांनी अप्पा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे असतील. तेव्हाही मुख्य विश्वस्त आपणच असू, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

“थांबा, अप्पा. मला एक कळू द्या.” महाराजांनी अंगठा सोमगिरीच्या कपाळाच्या वरच्या रेघेवर टेकवला. “एवढं तीन महिने लावलं. मग ही का नाही गेली?”

“खोल आहे. जुनी आहे. पेप्टाइडनं बारक्या जातात, खोल गेलेल्या नुसत्या थोड्या मऊ होतात.”

“केव्हाची ही?”

“मी नवा होतो तेव्हाची. तुम्ही कोठीघराच्या किल्ल्या दत्तगिरीला दिल्या. मला वाटलं होतं मला द्याल.”

“दत्तगिरीला शिधा मोजता यायचा. तू वाटताना निम्मा खायचास. आणि ही मधली?”

“त्याच दत्तगिरीला तुम्ही काशीला नेलंत.”

“तुला गाडी लागते म्हणून नाही नेलं रे.”

“मला कधीच गाडी लागली नाही, महाराज. ती दत्तगिरीला लागायची.”

महाराज आठवू लागले. एक्क्याऐंशीव्या वर्षी माणूस आठवायला लागला की समोरच्यानं सावरून बसावं. सावकाश त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं.

“… म्हणून तो अकोल्यापर्यंत ओकत आला होता.”

“हो.”

“मला वाटलं, भक्तीनं जेवत नाहीये.”

अप्पांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात घातलं.

इथं हे सांगायला हवं, की मठात येणाऱ्या लोकांना या रेघा तपश्चर्येच्या वाटतात. बायका त्या दोन रेघांना नमस्कार करतात. लहान मुलांना उचलून दाखवतात. एक रेघ किल्ल्यांची, एक गाडीची.

“आणि तिसरी?” महाराजांनी विचारलं. “जी गेली ती?”

“ती नवी होती. चारेक वर्षांची.”

“कशानं पडली?”

“आठवत नाही, महाराज.”

“चार वर्षांपूर्वीचं आठवत नाही आणि किल्ल्यांचं आठवतं?”

“… नाही आठवत.”

महाराजांनी मान हलवली. बाटली बाजूला ठेवली. भस्माच्या वाटीत अंगठा बुडवला आणि सहज, हवापाण्याचं बोलावं तसं अप्पांना म्हणाले,

“अहो अप्पा, सांगायचं राहिलं. परवा अंबाजोगाईचे डॉक्टर येऊन गेले. सगळं तपासलं. चार वर्षांपूर्वी ज्यानं मी जवळजवळ गेलो होतो ना, त्याचा आता मागमूस नाही म्हणाले. म्हणाले, महाराज, तुमचं काळीज घोड्याचं आहे. अजून पंधरा वर्षं तुम्हाला काही होत नाही.”

सोमगिरीच्या कपाळाला आठी पडली.

त्यानं पाडली नाही. ती पडली. तीन महिन्यांचं सीरम, दोन वेळ, टोपी… सगळं ओलांडून, भुवयांच्या वर, या कानापासून त्या कानापर्यंत.

महाराजांचा अंगठा तिच्यावरून फिरला. फडकं फिरलं.

“सापडली,” महाराज म्हणाले. “इथंच होती.”

“तीन!” अप्पा ओरडले. गुडघा विसरून उभे राहिले. “तीन झाल्या! मी म्हटलं नव्हतं का? दिवाळीत मी स्वतः मोजल्या होत्या! सोमगिरी महाराज, आलात की हो! आता हलू नका. कपाळ असंच धरा. मी फोटो काढतो.”

सोमगिरी महाराज. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला महाराज म्हणालं.

अप्पा मोबाइल उलटा धरून बटण शोधू लागले.

सोमगिरी हलला नाही. कपाळावर तीन रेघा, पांढऱ्याशुभ्र. परीक्षा पास. आठ दिवसांनी गादी, चार तालुके पायाशी. फक्त तोंड असंच धरून ठेवायचं, बस.

त्यानं वर पाहिलं. महाराज त्याच्याकडंच बघत होते. रागानं नव्हे. आजारपणात हा रोज उशाशी बसायचा, औषध घ्यायला लावायचा. तेव्हा ते ज्या नजरेनं बघायचे, तीच ही नजर.

त्यांना चार वर्षं माहीत होतं.

“हं, हसू नका, नाहीतर ती जाईल,” अप्पा म्हणाले. “एक… दोन…”

सोमगिरीनं खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि कपाळ पुसलं. एकदा पुसून समाधान होईना. तो घासतच राहिला. कातडी लाल झाली.

“अहो! अहो, काय करताय! पास झाला होतात ना!”

“ही नको, अप्पा.”

“नको काय? बारा वर्षं थांबावं लागेल!”

“थांबतो.” तो महाराजांकडं वळला. “महाराज, ही… ही तुम्ही वाचलात म्हणून पडलेली आहे. ही टिळ्यात नको. मी थांबतो.”

भस्म मांडीवर, जमिनीवर, बाटलीवर सांडलं होतं. कपाळावर आता एकही रेघ दिसत नव्हती. नुसता राखेचा फराटा, लाल कातडी आणि त्याखाली रडणारा चोपन्न वर्षांचा माणूस.

“शून्य,” अप्पा म्हणाले. त्यांनी मोबाइल खिशात टाकला. “महाराज, लिहून घेतो मी. शून्य रेघा. अनुत्तीर्ण.”

महाराजांनी दोन्ही हात टेकले. कण्हत, एका बाजूनं जरा उचलले गेले. मग दुसऱ्या बाजूनं. गादी म्हणजे चौघडी घातलेली जुनी घोंगडी. तिच्यावर त्यांच्या उजवीकडं आधी वीतभर जागा झाली, मग एका माणसापुरती.

ती जागा त्यांनी तळहातानं झटकली.

सोमगिरी बघतच राहिला.

“एकतीस वर्षं इथंच बसलोय रे मी,” महाराज म्हणाले. “एकदा तरी ‘सरका’ म्हणायचंस.”