मातीत घातलेल्या वाळ्याची कहाणी

ऐका भूमाते, तुझी कहाणी.

आटपाट नगर होतं. नगराबाहेर माळ्याचं घर, घरामागं उतार, उताराखाली विहीर. पावसाळ्यात काठाची माती विहिरीत उतरे, पाणी गढूळ होई. उन्हाळ्यात तळाचा गाळ दिसे. घरात सासू होती, भागाई तिचं नाव. सून होती, येसू तिचं नाव. येसूचा मुलगा पावलं टाकू लागला आणि त्या गढूळ पाण्यानं गेला. एक वाळा त्याच्या पायात तसाच राहिला. दुसरा येसूनं उतरंडीच्या तळच्या मडक्यात जपून ठेवला. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. हेही जाईल या धसक्यानं तिला घास उतरत नव्हता.

वैशाखातल्या भर दुपारी एक म्हातारी आली. डोईवर गवताचा भारा, ओठ सुकलेले. काठावर भारा टेकला, म्हणाली, "मुली, पाणी दे." येसूनं पाणी शेंदलं. पदराची घडी केली, एकदा गाळलं, दोनदा गाळलं, तिसऱ्यांदा गाळलं, मग ओंजळीत घातलं. म्हातारी प्याली, तृप्त झाली. तिनं येसूच्या पोटाकडं पाहिलं.

"मुली, तुला एक वसा सांगते."

"सांगा आजी, पाळीन."

"विहिरीच्या काठी वाळा मातीत घाल. तांदळाचं धुवण त्याला रोज घाल. उतू नको, मातू नको, उपटू नको. घरात पाणी राहील, पाळणा हलता राहील."

भारा उचलला नि चालू लागली. गवताचे चार ठोंब तिथंच सांडले.

येसूला वाटलं, देवानं मूल नेलं, आता वाळाही मागितला! रडली. पण पोटातल्या जिवासाठी उठली, मडक्यातला वाळा काढला, उराशी धरला, काठावर पुरला. खूण राहावी म्हणून सांडलेले ठोंब वर खोचले. रोज तांदूळ धुवावे, धुवण घालावं, हात जोडावे. नगरातल्या बाया हसत. हसणाऱ्यांचं काय जातं?

मग ठोंब जगले, फुटले, कमरेएवढे झाले. त्या गवताची ओळख मुळावरून, आणि मूळ कुणी पाहिलंच नाही. गौरी आल्या. परस साफ करायला भागाईनं विळा घेतला.

"सूनबाई, हे रान कशाला माजवलंस?"

"आत्याबाई, वरचं कापा, गाईला घाला. मुळाला हात लावू नका. खाली माझ्या बाळाचा वाळा आहे."

भागाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पाती कापली, मूळ राखलं.

मग कार्तिकात येसूला मुलगी झाली. पुढल्या पावसात काठाची माती काठावरच राहिली, पाणी नितळ झालं. त्याच्या पुढल्या वर्षी पाऊस रुसला. नगरातल्या विहिरी आटल्या, बागा करपल्या. येसूच्या काठी गवत हिरवं उभं, विहिरीत पाणी उभं. हसणाऱ्या बाया घागरी घेऊन आल्या. येसूनं कुणाला नाही म्हटलं नाही.

मुलगी अंगणभर धावू लागली. पाय भुंडे. येसूचं मन भुललं. म्हणाली, "पाणी आलं, पाळणा हलला, आता देवाला त्या वाळ्याचं काय?" कुदळ घेतली. एक घाव घातला, दुसरा घातला, तिसरा घातला. मुळं तुटली, वाळा दिसेना. काठाची माती सैल झाली, ढासळली, विहिरीत गेली. तेच पाणी मुलगी प्याली. तिला ताप भरला, डोळे मिटले.

येसूनं कुदळ टाकली. मुलीला मांडीवर घेतलं, काठावर बसली, म्हातारीचा धावा केला. म्हातारी समोर उभी.

"मुली, काय शोधत होतीस?"

"आजी, तुम्ही मागितलेला वाळा. दिलेला परत घेऊ गेले, मातले."

म्हातारीनं तुटलेलं मूळ उचललं, चोळलं. सुगंध सुटला.

"अगं, मी हा वाळा म्हटला होता. माळ्याची सून तू, तुला गवतातला वाळा ठाऊक नाही?"

येसू म्हणाली, "आजी, माझ्या घरात तेव्हा एकच वाळा होता."

ती भूमाता होती. तिला गहिवर आला. तिनं मुळं धुतली, पाण्यात घातली, ते नितळलेलं पाणी मुलीला पाजलं. एक मूळ वळलं, मुलीच्या पायात घातलं. म्हणाली, "हिचा वाळा हा. त्याचा तिथंच राहू दे. तुझं बाळच काठ धरून उभं आहे." मुलीनं डोळे उघडले, पाणी मागितलं. येसूनं ओंजळीनं माती ओढली, तुटले ठोंब पुन्हा लावले, धुवण घातलं.

जशी भूमाता येसूला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. कुणाची विहीर न आटो, कुणाचा पाळणा न थांबो. साठ उत्तरं मुळाशी राहिली, पाच वर फुटली. कहाणी सुफळ, संपूर्ण.