सुनेच्या वाट्याच्या तिसऱ्या

खाडीकाठच्या एका गावी एकदा एक वृद्ध गुरुजी आपल्या शिष्यासह गाळ तपासण्यासाठी आले. वरच्या अंगाच्या कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्या खाडीत उतरत होते. भरती-ओहोटीने पाणी निवळे. शिसे आणि पारा मात्र तळच्या चिखलात बसले आणि चिखलात वाढणाऱ्या तिसऱ्यांच्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांच्या, अंगी भिनले. हे गुरुजींनीच शोधून काढले होते.

दुपारी एका कोळिणीने दोघांना जेवायला थांबवले. तिची सून गरोदर होती आणि तिला तिसऱ्यांचे डोहाळे लागले होते. म्हणून सासू ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उतरून, पायांनी चाचपून तिसऱ्या काढून आणी. पण घरची रीत अशी, की आधी पाहुणा, मग वडीलधारी, आणि उरेल ते सुनेला.

शिष्याने नुसती भाकरी आणि मीठ खाल्ले. गुरुजींनी मात्र तिसऱ्या मागून घेतल्या. पुन्हा मागितल्या. एरवी चार घासांत उठणारा हा माणूस शिंपल्या चोखत बसलेला पाहून शिष्याला लाज वाटली.

"गुरुजी, पोट आहे की होडी?" सासू हसत म्हणाली.

"अजून आहेत का?"

तिने टोप तिरका करून उरलेला रस्साही वाढला. दाराआड उभी असलेली सून मुकाट्याने आत गेली.

बांधावर येताच शिष्य म्हणाला, "पोटुशीच्या तोंडचा घास काढलात, गुरुजी. तेही त्यात काय आहे हे ठाऊक असून."

"ठाऊक होतं म्हणूनच काढला. या वयात माझ्या अंगात शिसं गेलं काय नि पारा गेला काय. तिच्या पोटातलं पोर अजून घडतं आहे."

"मग तिला सांगायचं होतं."

"गेल्या साली सांगितलं होतं. सासूने विचारलं, 'खाडीतलं नको, तर मी रांधू काय?' मला गाळातलं शिसं मोजता येतं रे. तिच्या टोपात दुसरं काय घालावं, ते मला सांगता आलं नाही. आज एक जेवण टळलं असेल. बरोबर केलं की चूक, मला खरंच कळत नाही."

उद्या सुनेच्या वाट्याच्या तिसऱ्या आपण खायच्या, असे शिष्याने मनाशी ठरवले.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला तो एकटाच त्या दारात उभा राहिला. सासूने त्याला ओट्यावर बसवून पाणी दिले. ती आज खुशीत होती.

"तिसऱ्या संपल्या हो," ती म्हणाली. "काल पोरगी तशीच निजली, माझ्या जिवाला लागलं. म्हटलं, रीत गेली चुलीत. आज दुप्पट काढल्या, नि कुणी पाहुणा यायच्या आत तिला समोर बसवून वाढल्या. पोटभर खाल्लंन बाई."

शिष्याने भरला तांब्या तसाच ओट्यावर ठेवला आणि गुरुजींना हे कसे सांगावे याचा विचार करत तो बांधाकडे निघाला.