डाव्या विंगेतला दिवा

“...मग हा दिवा काढूनच टाकू ना, सर?”

नीरजा शिडीवरूनच विचारत होती.

संध्याकाळी शाळेचं स्नेहसंमेलन. रंगमंचावरचे बाकीचे दिवे शहाण्यासारखे जळत होते. डाव्या विंगेतला हा एकच मेला सकाळपासून लुकलुकत होता.

नीरजा सरनोबत शाळेत विज्ञान शिकवायची. दिव्यांचं काम मात्र ती कुडाळकर सरांच्या हाताखाली शिकली होती. सर आता निवृत्त. तरी संमेलनाच्या दिवशी ते हटकून येत आणि रिकाम्या सभागृहात पहिल्या रांगेत बसून राहत. यंदा त्यांना काही विचारायचंच नाही, सगळं एकटीनं करून दाखवायचं, असं नीरजानं ठरवलं होतं. आणि या दिव्यानं तिला विचारायला लावलं.



“बल्ब बदलला, सर. डिमर तपासला. नेमका आजच माझी लाज काढतोय.”

“काय म्हणतोय तो?”

“कोण?”

“दिवा.”

नीरजाला रागच आला. “दिवा काय म्हणणार? लुकलुकतोय नुसता.”

“आणि तू काय म्हणतेस त्याला?”

“गप्प बस म्हणते!”

सर हसले नाहीत.

“मेन बंद कर,” ते म्हणाले.

तिनं खाली उतरून मेन बंद केला. सर सावकाश विंगेत आले. दिव्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तिचा हात धरून त्यांनी दिव्यावरून खाली आलेल्या वायरीवर ठेवला.

“जा हिच्यामागून.”

वायर चाचपत नीरजा पुढे गेली. वायर भिंतीवरून पडद्यामागे गेली होती. तिनं मखमलीच्या चुण्यांत हात घातला...

आणि झटक्यात मागे घेतला. प्लग चांगलाच तापला होता.

तिनं पडदा बाजूला केला. प्लग एका अंगानं वितळलेला. आतला स्क्रू ढिला, तार काळी ठिक्कर. पडद्याची कड करपून तपकिरी झालेली.

संध्याकाळी पहिलीची मुलं इथंच थांबणार होती. कागदाचे पंख लावून.

 

नीरजानं पडदा दूर सरकवून बांधला. प्लग, सॉकेट, वायर, सगळं नवं बसवलं. पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं. मेन चालू केला.

दिवा लागला. अगदी शांत.

नीरजाचे डोळे भरून आले. ती सरांच्या पाया पडायला वाकली.

“सर, आज मुलं वाचली. तुमचे उपकार कसे फेडू मी?”

सरांनी पाय मागे घेतले.

“माझे? अगं, मी कुठं लुकलुकलो?”