गारमहालाच्या चार कड्या

चपला तिथंच काढा, आणि आवाज जरा बारीक. गारमहाल बघायला आलात, बघा की पोटभर. पण खालच्या गारखोलीत मृग लागेपर्यंत जाता यायचं नाही. आत बाळंतिणी आहेत. अहो टोपीवाले दादा, पडद्यातून वाकून बघताय, शोभतं का?

वर बघा त्यापेक्षा. चौकटीवर गणपतीची जागा कोरून ठेवलीय, पण गणपती नाही. सदरेच्या तुळयांना झोपाळ्याच्या कड्यांची भोकं आहेत, कड्या नाहीत. येणारे जाणारे म्हणतात, चोरल्या असतील. चोरायला काय झालंय! घरातल्या घरातच आहेत त्या. कशा हलल्या ते सांगते. मला माझ्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं.

फार मागं पिंपळघोळला हैबतराव नावाचे जहागीरदार होते. खाली गावातला त्यांचा वाडा उन्हाळ्यात भट्टीगत तापायचा. त्यांच्या राणीसाहेब दर्याबाई. त्यांची दोन लेकरं लागोपाठ वैशाखात गेली म्हणे, एकाचंही बारसं झालं नाही. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा हैबतरावांनी या टेकडीवरच्या देवीपुढं शब्द दिला, हे मूल गारव्यात जन्मेल. आणि महालाचं काम काढलं. जहागीर लहान, म्हणून महालही लहानच. पण बांधणाऱ्यांची अक्कल बघा. गारखोली निम्मी जमिनीत उतरवली. वरच्या झऱ्याचं पाणी खापरी नळानं भिंतीच्या पोटातून फिरवलं. पश्चिमेला झरोके ठेवून त्यांना वाळ्याचे पडदे सोडले. वारा ओल्या वाळ्यातून येतो, भिंत आतून गार राहते. या भिंतीला हात लावून बघा, लाजू नका.

वैशाखात वास्तुशांत ठरली. त्याच दिवशी चौकटीत गणपती बसायचा होता. शांत झाल्याशिवाय नव्या घरात राहायचं नाही, ही रीत तुम्हाला ठाऊक आहेच. दर्याबाईंना नववा लागला होता. त्यांना आदल्या दिवशीच मेण्यातून वर आणलं आणि बाहेर राहुटीत ठेवलं.

त्याच दुपारी चुना मळायच्या घाणीवर राबणाऱ्या तिम्मव्वा नावाच्या वडारणीला कळा सुरू झाल्या. टेकडीवर सावलीला झाड म्हणून नव्हतं. बायकांनी तिला उचललं आणि गारखोलीत नेलं. तिथं तिला मुलगी झाली.

झालं! कारभाऱ्यांनी टेकडी डोक्यावर घेतली. सरकारांच्या घरात आधी वडारणीचं बाळंतपण म्हणजे काय! भटजी म्हणाले, घराला सोयर लागलं, उद्याची शांत होत नाही, पुढचा मुहूर्त पावसाळ्याच्या पलीकडं. कारभारी म्हणाले, बाईला बाहेर काढू, घर धुऊन घेऊ, मग काहीतरी वाट निघेल. हैबतराव माणूस वाईट नव्हते, पण भ्याले होते. अशा घरात तिसरंही गेलं तर? त्यांनी कारभाऱ्यांच्या म्हणण्याला मान डोलावली.

तेवढ्यात दर्याबाई राहुटीतून उठून आल्या. पोट सावरत पायऱ्या उतरल्या. तिम्मव्वा लेकीला पदराखाली घेऊन उठायच्या बेतात होती. बिचारी, तिला कुणी थांब म्हणेल असं वाटलंच नव्हतं.

दर्याबाईंनी सगळ्यांकडं बघून विचारलं, "या उन्हात हे लेकरू संध्याकाळ बघेल का?"

त्यांना उत्तर हवं कशाला होतं? दोनदा भोगलं होतं त्यांनी.

मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "लेकरू जगावं म्हणून घर बांधलंत ना? ते कामाला लागलंय. आता आणखी कसली शांत?"

आणि तिम्मव्वाशेजारी भुईवर बसल्या त्या उठल्याच नाहीत.

असं सांगतात, की हैबतराव दारातूनच मागं फिरून सदरेवर गेले, आपल्या झोपाळ्याच्या चारही पितळी कड्या स्वतःच्या हातानं काढल्या आणि गारखोलीत दोन पाळण्यांसाठी ठोकून घेतल्या. त्याच आठवड्यात दर्याबाईंना मुलगा झाला. दोन्ही लेकरं जगली. दोघांचं बारसं एकाच दिवशी, त्याच खोलीत झालं, आणि पाळण्याची दोरी दर्याबाईंनी आधी तिम्मव्वाच्या लेकीची ओढली म्हणे.

पुढं मुहूर्त आले, भटजीही आले, पण दर्याबाईंनी शांत करू दिली नाही. शांत झाली की घर मालकाचं होतं, म्हणाल्या, आणि मालकाचं झालं की त्याला कुलूप लागतं.

आजही गारमहालाची वास्तुशांत झालेली नाही. आजही पिंपळघोळात भर उन्हाळ्यात बाई बाळंत झाली की लेकराला घेऊन इथं येते. कुणाची कोण, कुणी विचारत नाही. माझा थोरला याच कड्यांना झुलला. आता ट्रक चालवतो आणि मलाच शहाणपण शिकवतो. यंदा सरपंचांची सून आहे, आणि शेजारी ऊसतोडीहून परतताना थांबलेली एक पोर. तिचं गाव कुठलं, मला अजून ठाऊक नाही.

ऐकलंत? उठलं एक. अहो दादा, ओशाळू नका, तुमच्या आवाजानं नाही, भुकेनं उठलंय ते. रडू दे. हे ऐकायलाच तर घर बांधलंय.